शेंगदाण्याचं बटण

आबांचं ताट आजही गार होऊन गेलं. जुईला कोडं पडलं होतं. आबांनी जन्मभर मेंदूवर संशोधन केलं, आणि आजी गेल्यापासून तेच 'चावडी' नावाच्या अ‍ॅपमध्ये अडकून बसले होते. बोटाने पडदा वर सारायचा, पुन्हा सारायचा. जेवणाची शुद्ध नाही.

"आबा, ते बंद करायला एवढं जड का जातं?"

"ठोकळ्या, हिला दाणे दे," आबा मान वर न करता म्हणाले.

ठोकळ्या म्हणजे घरातला यंत्रमानव. जुईने त्याच्या पोटावरचं बटण दाबलं, खारा दाणा पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. थोड्या वेळात ती कंटाळली. मग आबांनी ठोकळ्याला हळूच काही सांगितलं. आता दाणा कधी पडे, कधी पडत नसे. जुई बटण दाबतच राहिली.

"पोट भरलंय ना तुझं?" ठोकळ्याने विचारलं.

"गप रे. आता पडेल."

"बघ," आबा म्हणाले. "दाणा मिळणारच असला की मेंदू निवांत असतो. मिळेल की नाही ते ठाऊक नसलं, की वाट बघतानाच डोपामाइन (मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) उसळतं. आणखी एकदा, असा त्याचा निरोप. याला अनिश्चित बक्षीस (कधी मिळेल ते न कळणारं बक्षीस) म्हणतात. चावडी त्यावरच चालते."

जुईने बटणावरचा हात काढला. "मग तुमचा दाणा कुठला?"

आबांनी फोनचा पडदा तिच्याकडे वळवला.

"मधूनच आजीचा जुना व्हिडिओ येतो. परवा पीठ चाळत होती. मला म्हणाली, कॅमेरा ठेवा आणि डबा धरा."

"ठोकळ्या, आजीचे सगळे व्हिडिओ एकत्र काढशील?" जुईने विचारलं.

"काढतो. मागाल तेव्हा लावीन."

दोघांनी एकेक करून सगळे पाहिले.

"पुढचा लाव," आबा म्हणाले.

"एवढेच आहेत, आबा."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी चावडी काढून टाकली. तरी त्यांचं बोट टेबलावर वर सरकत होतं.

"बोटाला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "मेंदू नवी सवय शिकतो, पण सावकाश."

जुईने जेवण गरम करून आणलं. "ताट धरा."

आबांनी ताट धरलं. पहिला घास बराच वेळ चावला.

"आमटीत मीठ नाही गं."

जुई मीठ आणायला उठली. आजी गेल्यापासून आमटी रोज अशीच होत होती. आबांना ते आज कळलं.