चोविसाव्या धड्याचं शुद्धिपत्र

श्याम आगाशे यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि तेही भीत भीत. ब्राउझरमध्ये एक प्लग-इन बसवून हलती चित्रं, प्रश्नमंजूषा, खेळ असलेल्या वेबसाइट कशा बनवायच्या, हे मराठीतून शिकवणारं. तेवीस धडे, सोबत सीडी आणि सरावासाठी वेबसाइट. तिथं उदाहरण सोडवून पाठवलं की हजेरीच्या फाइलीत नोंद व्हायची. चोविसावा धडा सगळं एकत्र जोडून पूर्ण अ‍ॅप्लिकेशन उभं करण्याचा. तो आपल्याला जमलेला नाही असं वाटून सरांनी छापलाच नाही.

सरांची एक रीत होती. चूक दाखवेल त्याचं नाव शुद्धिपत्रावर घालायचं, आणि ती चिठ्ठी प्रत्येक प्रतीत स्वतः डिंकानं चिकटवायची. चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. विद्यार्थी मात्र झाले नाहीत. या पुस्तकावर सरांनी काढलेल्या क्लासचे बाक कधी भरले नाहीत, आणि तेवीस धडे तर कुणीच संपवले नाहीत. बुधवार पेठेतल्या दुकानदारानं शेवटी विचारलं, "सर, उरलेल्या प्रती न्यायला टेम्पो आणताय की मी रद्दीवाला बोलावू?"

मग ते प्लग-इनच जगातून गेलं. सर निवृत्त होऊन वारज्यातल्या फ्लॅटमध्ये राहू लागले. एक प्रत त्यांनी गोदरेजच्या कपाटात ठेवली. किल्ली उशीखाली.

यंदा मार्चमध्ये त्यांचा मुलगा पुष्कर लॅपटॉप घेऊन बसला. "बाबा, वेबसाइटची मुदत एकतीसला संपतेय. बंद करू ना?" मग तो स्क्रीनकडे वाकला. "तुमच्या हजेरीत नोंदी आहेत."

"जुन्या असतील."

"आजचीच आहे. दहावा धडा. नावाचा रकाना कोरा." पुष्करनं भुवया आक्रसल्या. "पण हे चालूच शकत नाही, बाबा. ते प्लग-इन कुठल्याच ब्राउझरमध्ये उरलं नाहीये."

नोंदी सगळ्या दुपारी एक ते चारमधल्या होत्या. सरांच्या झोपेची वेळ.

"तुम्हीच झोपेत उठून करत असाल," पुष्कर हसत म्हणाला.

"हे?" उल्काताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "यांचं घोरणं मी रोज शेजारी पडून ऐकते. एका वेळी दोन कामं यांना कधी जमली नाहीत."

दुसऱ्या दिवशी अकरावा धडा आला. चित्रांची मालिका एकामागून एक दाखवायची होती. संगणक शून्यापासून मोजतो, पण सरांच्या छापील पुस्तकात मोजणी एकपासून होती, त्यामुळं पहिलं चित्र कधीच दिसायचं नाही. ही चूक सरांना फार उशिरा कळली होती. तोवर पुस्तक बाजारातून गेलेलं. तरी त्यांनी चिठ्ठी लिहून आपल्या प्रतीत चिकटवली होती. फक्त त्याच प्रतीत.

आलेल्या उत्तरात मोजणी शून्यापासून होती. शेजारी टीप होती: 'पहिला शून्यावर बसतो.' चिठ्ठीतलं सरांचंच वाक्य.

सरांनी कपाट उघडून पाहिलं. पुस्तक जागेवर होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. भीती वाटली, हे खरं. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओळखायला त्यांना दोन दिवस लागले. त्यांना अभिमान वाटत होता. कुणीतरी त्यांचं पुस्तक चिठ्ठ्यांसकट वाचत होतं.

रोज एक धडा होत गेला. सतरावा धडा भल्याभल्यांना अडवायचा. तोही एका दुपारी सुटला. चोवीस तारखेला तेविसावा.

पंचवीसला नोंद आली नाही. सव्वीसलाही नाही.

विद्यार्थी खोळंबलाय, सरांच्या लक्षात आलं. आणि एकतीसला शाळाच बंद होणार.

ते लिहायला बसले. चार दिवस खोडलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. तीस तारखेला सकाळी चोविसावा धडा त्यांनी आपल्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर शाईनं उतरवला. वेबसाइटवर चढवला नाही. पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि जेवून आडवे झाले.

चार वाजता पुष्करचा ऑफिसातून फोन आला. "बाबा, चोविसावा धडा कुठाय? इथं पूर्ण झाल्याची नोंद आहे."

सरांनी कुलूप काढलं. धड्यातल्या सातव्या ओळीखाली पेन्सिलची बारीक रेघ होती. समासात दुरुस्ती. त्यांनी ती तीनदा तपासली.

चूक खरोखरच होती. दुरुस्ती बरोबर होती.

सरांची पाठ ताठ झाली. इतक्या वर्षांत, लिहिल्या दिवशीच कुणी त्यांची चूक पकडली नव्हती.

रीत ती रीत. एकतीस तारखेला त्यांनी शुद्धिपत्र लिहिलं. खाली 'चूक दाखवणाऱ्याचं नाव' लिहून टिंबांची एक ओळ सोडली. चिठ्ठी पुस्तकात चिकटवली नाही, नुसती ठेवली. कुलूप लावलं.

त्या दुपारी त्यांना गाढ झोप लागली.

चार वाजता त्यांनी कुलूप काढून चिठ्ठी उचलली. टिंबांवर पेन्सिलनं एकच शब्द होता.

हजर.

त्याखाली दुसऱ्या अक्षरात, हजर. त्याखाली तिसऱ्या, लहान मुलासारख्या वळणाच्या अक्षरात. चिठ्ठी खालपर्यंत भरली होती.

सरांनी ती उलटली. मागची बाजूही भरली होती.