लेखक बदललेला दिसतो

सकाळचा चहा हातात आला की स्रवंती मेडिटेकमधली माणसं कप घेऊन भिंतीपाशी जमायची. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या दुमजली इमारतीत ही सवय आता अंगवळणी पडली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर शेतांच्या नकाशासारखं पसरलेलं असे. प्रत्येक तुकडा म्हणजे प्रोग्रामचा एक भाग. बहुतेक तुकडे हिरवे, काही पिवळे, एखादाच भगवा. भगवा म्हणजे इथे चूक असण्याचा संभव जास्त. चाचणी विभागातली माणसं तो तुकडा हेरायची, कप खाली ठेवायची आणि दिवसभर त्याच्याच मागे लागायची.

हा नकाशा ‘चाहूल’ नावाची प्रणाली काढत असे. ती कंपनीत आणली होती नीलांबरी खैरनारने. ती गुणवत्ता विभागाची प्रमुख होती.

स्रवंती मेडिटेक अतिदक्षता विभागातल्या पंपांचं सॉफ्टवेअर बनवायची. रुग्णाच्या शिरेत ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे पंप. त्यात चूक झाली की थेट जिवाशी गाठ. त्यामुळे गुणवत्तेचे नियम भरपूर होते आणि ते पाळलेही जायचे, पण कागदावर. बाहेरचे तपासनीस येणार म्हटलं की आदल्या आठवड्यात लगीनघाई उडायची आणि सगळे जण रकान्यांत खुणा करत बसायचे. जे तपासायचं ते सगळंच सारखं तपासायचं, म्हणजे कशावरच डोळा ठरायचा नाही. नीलांबरीला या कामाचा मनापासून वीट आला होता.

चाहूलने ते बदललं. ती प्रोग्राम वाचायचीच, पण तो लिहिला कसा गेला हेही बघायची. लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळला, काय पुन्हापुन्हा खोडलं, कुठे घाई झाली, दुसऱ्या कोणी तो भाग खरोखर वाचला की नुसतीच मान डोलावली. हे सगळं कंपनीच्या जुन्या चुकांशी ताडून ती प्रत्येक भागाचा ‘दोषसंभव’ काढायची. खुणा करणं बंद झालं, तपासणं सुरू झालं. वर्षभरात रुग्णालयांतून येणाऱ्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी नकाशाच्या मधोमध एक मोठा तुकडा भगवा झाला. दोघातिघांनी जवळ जाऊन नाव वाचलं. तो तुकडा श्रीरंग वडनेऱ्यांचा होता.

वडनेरे कंपनीचे पहिले कर्मचारी. पंपाचा गाभा त्यांनी लिहिलेला. त्यांचं लिखाण इतकं स्वच्छ की नव्या माणसांना शिकवताना तेच पुढे ठेवायचे. नीलांबरी स्वतः त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती.

“यंत्राला ताप आलाय,” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

नीलांबरीलाही तसंच वाटलं. तरी नियम तिनेच केला होता, की भगवा तुकडा कोणाचाही असो, आधी तपासायचा. दुपारी चाचणीच्या खोलीत पंपाची नळी काचेच्या मोजपात्रात सोडली आणि एकामागून एक प्रसंग घडवून पाहिले. औषधाची पिशवी बदलत असताना परिचारिकेने त्याच वेळी वेग बदलला तर काय, हा प्रसंग आला. मोजपात्रातली पातळी भराभर चढू लागली. पंप नवा वेग धरत होता आणि जुनाही सोडत नव्हता. रुग्णाला औषध जवळपास दुप्पट गेलं असतं.

वडनेऱ्यांनी चूक पाहिली, कपाळाला हात लावला आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त केली. “नजरेतून निसटलं,” एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर नीलांबरीने चाहूलला कारण विचारलं. एरवी उत्तरं साधी असायची: घाईत लिहिलंय, कोणी वाचलं नाही, नियम मध्येच बदलला. या वेळी पडद्यावर निराळंच वाक्य आलं.

‘या भागाचा लेखक बदललेला दिसतो. नोंदीतलं नाव तपासा.’

नीलांबरी चपापली. प्रत्येकाच्या लिहिण्याला एक वळण असतं, ते चाहूलला ओळखू येतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे वडनेऱ्यांच्या नावाने दुसरंच कोणीतरी लिहीत होतं. रुग्णालयांच्या उपकरणांत बाहेरचा माणूस शिरला असेल तर ते केवढ्याला पडेल! किंवा सरांनी काम हाताखालच्या कोणाला दिलं असेल. तेही नियमात बसत नव्हतंच, पण निदान समजण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“सर, रागवू नका, पण विचारावंच लागणार. तुमच्या नावाने दुसरं कोणी लिहितं का?”

“माझ्या नावाने? छे. का गं?”

तिने ते वाक्य दाखवलं. वडनेऱ्यांनी चष्मा पुढे ओढून वाचलं आणि थोडे हसलेही. मग म्हणाले, “कशावरून म्हणतंय ते दाखव.”

चाहूलने जुने आणि नवे उतारे शेजारी शेजारी मांडले. जुन्या उताऱ्यांत प्रत्येक गोष्टीला नेमकं नाव होतं: उरलेली मात्रा, थांबवलेला वेग, मागची पिशवी. नव्यांत नावं मोघम झाली होती: ‘दुसरी किंमत’, ‘ते आधीचं’, ‘तात्पुरतं’. महिन्यापूर्वी लिहून झालेला भाग पुन्हा पहिल्यापासून लिहिलेला होता, जणू आधीचा कधी लिहिलाच नव्हता. आणि एकाच ओळीवर हात कितीतरी वेळ थांबलेला.

वडनेऱ्यांनी एकेक उतारा बोट ठेवून वाचला. त्यांचं हसू कधी मावळलं ते नीलांबरीच्या लक्षात आलं नाही.

“हे मीच लिहिलंय,” ते म्हणाले. “प्रत्येक ओळ मीच लिहिलीय. कधीपासून बदललाय म्हणतंय हा लेखक?”

“दिवाळीच्या सुमाराला.”

“उल्काही दिवाळीच म्हणते.” उल्का म्हणजे त्यांची पत्नी. “फराळाच्या वेळी मी झाऱ्याला ‘ते भोकांचं’ म्हणालो. तिला वाटलं थट्टा करतोय. मग तसं होतच राहिलं. ती डॉक्टरांकडे चला म्हणते, मी टाळत होतो.”

नीलांबरीने पडद्यावरचे उतारे मिटवले. ती चोर शोधायला आली होती.

“तू घाबरू नकोस,” तेच म्हणाले. “यंत्राचं काही चुकलेलं नाही. लेखक बदललाय खरा.”

मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासण्या केल्या आणि निदान सांगितलं. स्मृती हळूहळू पुसत नेणारा आजार, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला. इतक्या लवकर रुग्ण सहसा येतच नाहीत, असं ते म्हणाले. नवी औषधं याच टप्प्यावर उपयोगी पडतात. आणि कळलं कसं, हे ऐकल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, “प्रोग्रामवरून?”

कंपनीत ही गोष्ट लपणार नव्हती. आठवड्याने मालक कबीर लुणावत यांनी दोघांना बोलावलं. लुणावत वाईट माणूस नव्हते. वडनेऱ्यांच्या उपचाराचा भार त्यांनी आधीच उचलला होता. पण त्यांच्या डोक्यात दुसरंही चक्र सुरू झालं होतं.

“मॅडम, हे सगळ्यांसाठी चालू करा,” ते म्हणाले. “दर महिन्याला कोणाचा लेखक बदलला, ते माझ्याकडे आलं पाहिजे. आपण जिवाशी खेळणारं काम करतो. पंप तपासतो, मग माणूस नको तपासायला?”

नीलांबरीला त्यात तथ्य दिसत होतं. चाहूलने लिहिणाऱ्याचा हात पाहिलाच नसता तर? भगवा रंग आलाच नसता, आणि मोजपात्राच्या जागी कोणाची तरी शीर असती. ज्यामुळे गुणवत्तेचं काम कागदावरून उठून चाचणीच्या खोलीत आलं, तीच गोष्ट आता माणसाच्या डोक्यात डोकावत होती. एक ठेवून दुसरी काढता येईल असं तिला दिसत नव्हतं.

“कबीर,” वडनेरे म्हणाले, “एखाद्या भागात धोका आहे असं कळलं की आपण काय करतो? फेकून देतो?”

“नाही. भोवती चाचण्या वाढवतो.”

“मग माझ्याभोवती वाढव. गाभा मी लिहीत नाही. दुसऱ्यांचं वाचतो, हे असंच का केलं ते सांगतो. ते मला अजून येतं. जेव्हा येणार नाही तेव्हा नीलांबरी सांगेल.” मग पुढे म्हणाले, “आणि ती नावं तुझ्या टेबलावर यायला लागली ना, की महिन्याभरात सगळे चाहूलला आवडेल असं लिहायला शिकतील. आजारी माणूस जुने उतारे चिकटवील. पुन्हा खुणाच करत बसाल सगळे.”

लुणावतांनी हट्ट सोडला. ते पटल्यामुळे की समोरच्या माणसाकडे पाहून, हे नीलांबरीला सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात तिने चाहूलमध्ये एक बदल करून घेतला. दोष सगळ्यांना दिसेल, त्यामागचं कारण फक्त लेखकाला. तुकडा भगवा झाला की तो तपासला जाणारच, त्यात दयामाया नाही. पण ‘लेखक बदललेला दिसतो’ हे वाक्य ज्याचं त्यालाच जाईल, आणि त्याचं काय करायचं ते तोच ठरवील. नीलांबरीला फक्त अशा इशाऱ्यांचा आकडा दिसेल, नाव नाही. गरज पडलीच तर नाव उघडण्याचा अधिकार मात्र लुणावतांनी आग्रहाने तिच्याकडे ठेवायला लावला.

पावसाळा सरला. वडनेरे रोज येत होते. त्यांच्या टेबलाशी नवी माणसं बसलेली दिसत. कधी ते एखादा शब्द शोधत थांबत आणि समोरचा तो पुरवण्याची घाई न करता वाट पाहत बसे. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या एका दुपारी नीलांबरीने महिन्याचा गोषवारा उघडला. तक्रारी नाहीत. भगवे तुकडे सगळे तपासून झालेले. अगदी खाली एक ओळ होती: लेखकांना पाठवलेले इशारे, तीन. उघडलेले, तीन.

म्हणजे तिघांनी ते वाक्य वाचलं होतं. आणि कोणीही तिच्याकडे आलं नव्हतं.

आजारच असेल असं नाही, हे तिला माहीत होतं. घरात कोणी गेलं असेल. तान्हं मूल झोपू देत नसेल. लग्न मोडत आलं असेल, दारू लागली असेल. हात अडखळायला आणि नावं मोघम व्हायला पुष्कळ कारणं असतात. नावांचं बटण समोरच होतं. दाबलं असतं तर क्षणात कळलं असतं, आणि मग ज्याचं त्याच्यापुरतं ठेवायचं म्हणून तिने जे बांधलं होतं, ते तिनेच मोडलं असतं.

काचेपलीकडे जेवणाची सुट्टी झाली होती. डबे उघडत होते. कोणी मोठ्याने हसत होतं, कोणी फोनवर हळू बोलत होतं, एक जण भाजीत नुसताच चमचा फिरवत बसला होता. सगळे रोजच्यासारखेच दिसत होते. वडनेरेही दिवाळीनंतर कितीतरी दिवस तिला रोजच्यासारखेच दिसले होते.

नीलांबरीने गोषवारा बंद केला, डबा उचलला आणि दारात क्षणभर थांबली. आज कोणाजवळ जाऊन बसावं?