दोऱ्याच्या पलीकडचे केस

माझी मावशी भुताखेतांना मानणाऱ्यांतली नाही. ती यंत्राला मानते, आणि तेही दोनदा तपासून.

म्हणून ही हकिकत तिनं सांगितली तेव्हा मी हसलो नाही. यातलं अक्षरही माझ्या पदरचं नाही. घडलं ते रात्री-बेरात्री नव्हे, भर दुपारी. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, सगळे खाली जेवायला गेलेले असताना.

मावशीचं काम पाऱ्याचा माग काढायचं. खाडीच्या गाळात पारा थोडासाच. गाळातल्या शिंपल्यांत जरा जास्त. शिंपले खाणाऱ्या लहान माशांत त्याहून जास्त. आणि त्या लहानांना गिळणाऱ्या मोठ्या माशात सगळ्यांचा साठलेला. "मोठा मासा छोट्याला खातो, या म्हणीवर माझं घर चालतं," असं ती गमतीनं म्हणायची.

मोठ्या माशाच्या पुढे असतं माणसाचं ताट.

म्हणून ती धक्क्यावर केस मागायला गेली. केस महिन्याला साधारण नखाएवढा वाढतो. त्या महिन्यात माणसानं जे खाल्लं, ते त्या नखाएवढ्या तुकड्यात राहून जातं. बट अगदी मुळाशी कापायची आणि कापलेल्या टोकाला पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे डोक्याकडची बाजू कुठली ते कळतं. अर्धी बट तपासायची, अर्धी सीलबंद पिशवीत राखून ठेवायची.

धक्क्यावर मासे साफ करणारी एक बाई होती. लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत. पहिली बट तिनंच दिली.

"घ्या हो ताई. फक्त टक्कल नका पाडू, आमच्या घरात एक टकल्या पुरे आहे."

तिचा नवरा शेजारीच जाळं शिवत बसला होता. तो हसला. मावशीही हसली. मग तिच्या लक्षात आलं...

एवढ्या मोठ्या मासळीच्या धक्क्यावर एकही मांजर नव्हतं. माशांतला पारा आधी मांजरांनाच मारतो.

वहिनीच्या केसांतला आकडा पाहून मावशीला वाटलं, यंत्र बिघडलं. तिनं पुन्हा तपासलं. तोच आकडा. ती धावत साहेबांकडे गेली.

"दुसऱ्या प्रयोगशाळेतून पक्कं होऊन येईपर्यंत तोंडाला कुलूप," साहेब म्हणाले. "उगाच बोभाटा झाला तर बाजार बसेल. किती लोकांच्या पोटावर पाय येईल, विचार करा."

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. मावशी गप्प बसली.

पुढच्या फेरीला वहिनीनं तिला हाताला धरून घरी नेलं. एकच खोली, पण लख्ख. ताट वाढलं. मोठ्या माशाची तळलेली तुकडी, अजून चुरचुरत होती. शेजारी वहिनीची लेक बसली होती, चिंगी. वहिनी काटे काढून तिला भरवत होती.

"हल्ली बोटांना सारख्या मुंग्या येतात बघा ताई. काटा हाताला लागतच नाही," ती सहज म्हणाली. "पायही भलतीकडेच पडतो. म्हातारी झाले वाटतं!"

ही पाऱ्याचीच लक्षणं, हे मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेब आठवले.

"वहिनी, आज माझं पोट बरं नाही," ती म्हणाली. आणि तिनं ताट पुढे सरकवलं.

स्वतः खाल्लं नाही. त्या मायलेकींना मात्र खाऊ दिलं, समोर बसून.

वहिनीनं तिला लिंबूपाणी करून दिलं. दुसऱ्या दिवशी आठवणीनं फोनही केला. "पोट बरं आहे ना ताई आता?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनी धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडली. ओहोटी होती. खाली नुसते दगड.

पाय घसरला, असं लोक म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले. पण त्या पायऱ्या ती लहानपणापासून डोळे मिटून उतरत आली होती...

मावशी अंत्यविधीला गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार? महिने गेले. आकडे अजून पक्के व्हायचेच होते, आणि मावशी अजून गप्पच होती. तिला जेवण जाईना, झोप लागेना.

आणि मग ती दुपार आली.

मावशी यंत्रासमोर एकटी होती. जिन्यावर कुणाची चाहूल नाही. पंखाही बंद.

खस... खस... खस...

माशाचे खवले काढताना होतो, तो आवाज.

आवाज शेजारच्या खोलीतून येत होता. तिथे फक्त नमुने ठेवतात. सुरी नाही, मासा नाही, आणि किल्ली मावशीच्या गळ्यात.

ती दाराशी गेली. आवाज थांबला...

आत कुणी नव्हतं. फक्त एक खण उघडा होता. वर वहिनीच्या राखून ठेवलेल्या बटेची पिशवी. सील जसंच्या तसं.

पांढरा दोरा जागेवर होता. पण दोऱ्याच्या पलीकडे, जिथे कात्रीनं कापलेलं टोक असायला हवं होतं, तिथे...

केस होते.

तीन-चार नखं भरतील एवढे. नवे, काळेभोर.

दोरा घसरला असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. सील फोडून पट्टी लावली. दोरा घसरला नव्हता. अख्खी बटच लांब झाली होती.

मावशी घाबरली की मोजायला लागते, हा तिचा स्वभाव. तिनं नवे केस नखाएवढे कापले आणि एकेक तुकडा यंत्रात लावला.

पारा होता. पुढच्या प्रत्येक तुकड्यात आधीच्यापेक्षा जास्त.

मेलेली बाई खातेय तरी काय?

एवढ्यात मागून वास आला... तळलेल्या माशाचा. आणि अगदी कानाशी, खूप मायेनं कुणीतरी विचारलं...

"पोट बरं आहे ना ताई आता?"

मावशी गर्रकन वळली. मागे भिंत होती.

मेलेली माणसं खात नाहीत. मग त्या घरात अजून खाणारं कोण आहे? मावशीच्या डोळ्यांसमोर चिंगीचं ताट आलं. साहेबांना न विचारता, अंगातला पांढरा कोटही न काढता ती धक्क्याकडे धावली.

वहिनीचा नवरा चिंगीला भरवत होता. मावशीला बघून कसनुसं हसला.

"मोठी तुकडी हिलाच देतो. आई नाही, निदान एवढे तरी लाड."

मावशीनं ताट ओढून घेतलं. मग सगळं सांगितलं, गाळापासून ताटापर्यंत. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण पाठीमागच्या मोरीतून आवाज यायला लागला होता... खस... खस...

"तुमच्याकडे जेवायला बसले ना, त्याच्या आधी."

मोरीतला आवाज थांबला. त्यानं चिंगीचं तोंड पुसलं.

"म्हणजे त्या दिवशी तुमचं पोट दुखत नव्हतं तर."

तो ओरडला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशी अजून म्हणते.

चिंगीची बट त्यानं कापू दिली. मावशीनं ती तपासली आणि आईच्या नव्या केसांच्या आकड्यांशेजारी मांडली. तुकड्याला तुकडा जुळला. आईचे केस लेकीचं जेवण सांगत होते.

न विचारता बोलली म्हणून मावशीला साहेबांची नोटीस मिळाली. यथावकाश आकडे पक्के झाले आणि मोठे मासे खाऊ नका, अशी धक्क्यावर पाटीही लागली. चिंगी आता लहान मासेच खाते. पायऱ्या धडाधड उतरते, आणि मावशी वर उभी राहून श्वास रोखून बघत राहते.

ती पिशवी आता मावशीच्या घरी, कपाटात असते. केस अजून वाढतात. दर महिन्याला नखाएवढे. ती कापून नेते, तपासते. पारा हळूहळू उतरतोय.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. घरात आम्ही दोघंच.

"टाकून दे ना ते मावशी," मी म्हटलं. "असलं काही घरात ठेवू नये."

ती पिशवीवरून हात फिरवत राहिली. आतल्या खोलीतून... खस... खस... मी ऐकलं. तिनंही ऐकलं असणार. पण तिनं मान वर केली नाही.

"टाकू कशी रे?" ती म्हणाली. "ती मला अजून दर महिन्याला सांगतेय. मी तिला एकदाही सांगितलं नाही."