बुजवलेले झरोके

दर ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठी तंबू ठोकायचा आता मेरिनला कंटाळा आला होता. नवरा कॅलम पाठदुखीने हैराण, सहा वर्षांची टिली, आणि पहाटे हमखास ओल्या होणाऱ्या गाद्या. म्हणून शनिवारी सकाळी तिघं व्हर्न नावाच्या म्हाताऱ्याच्या शेतावर जुनी कॅराव्हॅन बघायला गेले. गव्हाची कापणी होऊन गेली होती. लांबवर नुसती धसकटं, आणि पत्र्याच्या शेडखाली ते चाकांवरचं पांढरं घर.

व्हर्न बोलका होता. "टायर नवे घातलेत. छप्पर गळत नाही. बायको गेल्यापासून बाहेर काढली नाही, एवढंच."

"चला की, आतून दाखवा," कॅलम म्हणाला.

"तुम्हीच बघा. गुडघे गेलेत माझे."

आत्ताच तर तो ट्रॅक्टरवरून टुणकन उतरला होता. मेरिनच्या ते लक्षात आलं.

टिलीला घेऊन ती आत शिरली आणि ओल कुठे आहे का ते अंगठ्याने दाबून बघू लागली. भिंती ठणठणीत कोरड्या होत्या. तरी आत एक जड, शिळा वास होता, बंद खोलीत रात्रभर कुणी झोपून उठल्यासारखा. डोकं गरगरायला लागलं. हवेसाठी तिने झरोके शोधले. दोन जमिनीलगत, एक छताजवळ. तिन्ही बाहेरून पांढरी पुट्टी भरून बुजवलेले. आणि आतल्या बाजूला, जाळीभोवती, नखांचे ओरखडे.

"हे झरोके कुणी बुजवले?" तिने दारातूनच विचारलं.

"धूळ यायची," व्हर्न लगेच म्हणाला. "माझ्या बायकोला, जॉइसला, धूळ सोसायची नाही."

टिली बाकावर अंग चोरून बसली होती, खिडकीकडची जागा सोडून.

"आई," ती हळूच म्हणाली, "या बाई म्हणतात... आपण बाहेर जायचं. आणि त्या आजोबांना आत पाठवायचं."

"कुठल्या बाई?"

टिलीने शेजारी बोट दाखवलं. तिथली गादी खोल दबलेली होती. मेरिन बघत असतानाच ती सावकाश वर आली, कुणी उठून उभं राहावं तशी.

पोरीला कडेवर घेऊन मेरिन खाली उतरली. तिथून सरळ गाडीत बसून निघून जाता आलं असतं. पण ते ओरखडे तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. आणि व्हर्न समोर उभा होता, बोटावर चाव्या फिरवत.

"शेगडी कशी पेटते ते दाखवा," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे."

"सोपी आहे."

"मग दाखवा ना."

कॅलम हसला. "अहो, स्वतःच्याच गाडीला काय घाबरताय?"

व्हर्नचा चेहरा उतरला. थोडा वेळ तो पायरीकडे बघत राहिला, मग चढला. वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी त्याच्या मागे दार अलगद लागलं.

"दार उघडा!" व्हर्न आतून ओरडला. मग आवाज खाली आला. आता तो त्यांच्याशी बोलत नव्हता. "जॉइस... तू झोपेतच जाशील असं वाटलं होतं गं मला... जॉइस, नको..."

कॅलमने कडी ओढली, खांदा लावला, जॅकचा दांडा आणून काचेवर हाणला. काचेला तडाही गेला नाही. मेरिन टिलीचे कान दाबून जागीच उभी होती. मदतीला जावंसं तिला वाटलंच नाही. आत नखं घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबला, तेव्हा दार आपसूक उघडलं.

व्हर्न झरोक्याला तोंड लावून पडला होता. गाल तान्ह्या मुलासारखे गुलाबी. डॉक्टर म्हणाले, शेगडीचा विषारी वायू कोंडला असणार. पण शेगडी गार होती, आणि सिलिंडर जोडलेलाच नव्हता.

तीन दिवसांनी पोलीस ठाण्यातून एका बाईचा फोन आला.

"एक विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी तुमच्याबरोबर अनवाणी कुणी होतं का?"

"नाही," मेरिन म्हणाली. "का?"

"कॅराव्हॅनच्या पायरीपासून मातीत पावलं उमटलीत. बाईची." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "तुमची गाडी उभी होती तिथपर्यंत जातात. परतलेली... दिसत नाहीत."