मैदानात कशाला आलात?

“ओ निळ्या ओढणीवाल्या ताई, बॉलरच्या मागून बाजूला व्हा! बॅट्समनला तुमीच दिसताय, बॉल दिसत नाय!”

भोंग्यातून हे अख्ख्या तारापूरने ऐकलं आणि अख्खं तारापूर हसलं. भाग्यश्री भावाचे विसरलेले ग्लोव्हज द्यायला आली होती. हितेश सागरदीप संघाचा विकेटकीपर. तिला मात्र क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ग्लोव्हज देऊन ती घरीच जाणार होती, पण आधी तरातरा मंडपात शिरली, थेट माइकपाशी.

“ताई कोनाला बोललास रे?”

कॉमेंट्रीवाला सुजीत सफाळ्याचा. त्याने माइकवर हात ठेवला. “मग काय बोलू? नाव तर सांगा.”

“कशाला? भोंग्यावर ओरडायला?”

“नाय... मनातल्या मनात घ्यायला.”

ती तणतणत निघाली खरी, पण सामना संपेपर्यंत सुरूच्या झाडांच्या सावलीत बसून राहिली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. घरी सांगायला भाऊ होताच. तसे सगळे सामने मोबाईलवर लाइव्ह दिसत. तिचे बाबा एकनाथ ओट्यावर जाळं दुरुस्त करता करता मोबाईलवरच पाहायचे. पण चौकार गेला की सुजीत खुर्चीतून अर्धा उठायचा, आणि बसता बसता एकदा सुरूच्या झाडांकडे बघून घ्यायचा. ते काही लाइव्हमध्ये येत नव्हतं.

मग उपांत्य फेरीत सागरदीप हरला. हितेशने चार दिवस तोंड पाडलं आणि मग विसरून गेला. भाग्यश्रीची पंचाईत झाली. अंतिम सामन्याला जायला तिच्याकडे निमित्तच उरलं नाही. त्यात मंडपात कुणीतरी बोलताना तिने ऐकलं होतं, की सुजीतला पुढच्या मोसमासाठी रत्नागिरीकडच्या स्पर्धांनी बोलावलंय. इथे माइकवर दुसराच कोणी असणार. म्हणजे बोलायचं तर आज, नाहीतर राहिलंच.

ती गेली. घरी काही न सांगताच गेली.

दोन डावांच्या मधल्या वेळात सुजीत माइक घेऊन लोकांत शिरला. “घरबसल्या मोबाईलवर सगलं दिसतंय, मग उन्हात मैदानात कशाला आलात?”

नवशाकाका म्हणाले, “घरात अंपायरला शिव्या दिल्या तर सून रागवते.”

मंदामावशी म्हणाली, “शेंगा विकायला! मोबाईलमदून कोन घेनार?”

मैदान खिदळलं. मग माइक भाग्यश्रीसमोर आला आणि सुजीतचा आवाज जरा उतरला. “आनि... तुमी? हितेशचा संघ तर हरला.”

आता इथली एक रीत आहे. कुणीही माइकवर बक्षीस जाहीर करावं: पुढच्या सिक्सरला कोंबडा, चांगल्या कॅचला नारळ. आणि जिंकणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हातून घ्यावं. भाग्यश्रीला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही. चेहरा तेवढा तिने सरळ ठेवला.

“बक्षीस जाहीर करायला. पिशवीभर सुके बोंबील.”

“कोनाला?”

“कॉमेंट्रीवाल्याला.” तिने माइक जवळ ओढला. “पन इथं नाय मिलनार... घरी येऊन घ्यायचं. आईबाबांसमोर.”

शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. स्पर्धा सुरू झाल्यापासून ज्याचं तोंड मिटलं नव्हतं, तो सुजीत माइक घेऊन मुकाट मंडपात परतला. दुसरा डाव सुरू झाला. पहिल्याच बॉलला सिक्सर गेला आणि भोंग्यातून नुसता वारा ऐकू आला. मग बऱ्याच वेळाने, हळूच—

“ते ‘ताई’... मागे घेतो. अंपायर पन निर्नय फिरवतो.”

भाग्यश्री हसली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा! लाइव्हचं ती साफ विसरली होती.

“सगलं ऐकलं मी,” एकनाथ म्हणाले.

“बाबा, ते...”

“पावन्याला सुकं कोन घालतं गो? पापलेट आनलाय. सामना संपला की घेऊन ये त्याला.” मग ते गुरगुरले, “आनि सांग त्याला, सिक्सर गेला तवा बोलायचं असतं!”