साळुंकीच्या कानातला खिळा

भाद्रपद सरत आला होता. मोरकडा गडाच्या पूर्व बुरुजावर त्या दिवशी पहाट झाली ती नदीच्या आवाजाने. सात दिवस कोसळणारा पाऊस गडावर नुकताच थांबला होता, पण वर घाटमाथा अजून काळा होता. आणि एरवी गडाच्या पायथ्याला वळसा घालून निमूट जाणारी तांबी नदी लाल मातीचा लोट होऊन धावत होती. अलीकडच्या सपाटीवर, चार महिने वेढा घालून बसलेल्या पातशाही फौजेचे तंबू भिजून काळवंडले होते. त्याखाली, अगदी काठाला, बेटवाडी आणि तिच्या शेजारच्या चार वाड्यांची छपरे दिसत होती.

गडाचा गोलंदाज सिदोजी धनवडे तंबूंकडे पाहत नव्हता. त्याची नजर नदीच्या वरच्या अंगाला, एका काळ्या खडकावर होती. त्या खडकावर चुन्याचे तीन पट्टे ओढलेले होते. खालचे दोन पाण्यात गेले होते, तिसऱ्याला लाटा चाटत होत्या.

ते पट्टे त्यानेच ओढले होते. नऊ वर्षांपूर्वी तांबीने एका दुपारी पाच वाड्यांतली एकशे चाळीस माणसे नेली, त्यांत सिदोजीची बायको होती, पाठचा भाऊ होता. सुतक फिटल्यावर तो किल्लेदार जसवंतराव आडगावकरांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सरकार, गडावरून नदी दिसते, वाडीतून दिसत नाही. आपण नुसतं सांगितलं तरी माणसं वाचतील." जसवंतरावांना ते पटले. सिदोजीने हिशेब बसवला: पाणी तिसऱ्या पट्ट्याला लागले की चार घटकांत वाड्या बुडतात. मग बुरुजावरची साळुंकी नावाची लहानशी पितळी तोफ या एकाच कामाला नेमली गेली. तिचा आवाज चिरका, दुसऱ्या कुठल्या तोफेशी गल्लत व्हायची नाही. एक बार झाला, की बियाण्याच्या कणग्या आणि गुरे टेकाडावर न्यायची. दुसरा झाला, की सगळे टाकून डोंगर चढायचा. वाडीकऱ्यांनी दोन उन्हाळे माती वाहून ते टेकाड उभे केले आणि खुद्द जसवंतरावांनी देवळात बेलभंडार उचलून शब्द दिला. त्यानंतर दोनदा पूर आला, दोनदा साळुंकी बोलली आणि एक वासरूसुद्धा वाहून गेले नाही.

या खेपेला मात्र किल्लेदारांनी आदल्या दुपारी त्याला सदरेवर बोलावून सांगितले होते, "सिदोजी, उद्या तोफ नको. वाड्या हलल्या तर गनीमही हलेल. आम्ही लुमाजी जासुदाला चोरदिंडीने खाली पाठवले आहे. माणसे गाजावाजा न करता डोंगर चढतील. तुम्ही निर्धास्त असा." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. नऊ वर्षांत या माणसाने एकदाही शब्द मोडला नव्हता. सिदोजी मुजरा करून परतला होता.

आता उजेड वाढला, तसा तो तटावरून वाकून खाली पाहू लागला. वाड्यांतल्या चुलींचा धूर नेहमीसारखा वर चढत होता. गोठ्यांपुढे गुरे बांधलेली होती. टेकाडावर एक कणगीही दिसत नव्हती.

तो लुमाजीला शोधत मुदपाकखान्याकडे धावला. तिथे चुलीपाशी लुमाजी जासूद भाकरी खात बसला होता.

"लुमाजी, तू खाली गेला नाहीस?"

लुमाजीच्या हातातला घास तिथेच थांबला. "कुठं खाली?"

"वाड्यांना सांगायला. सरकारांनी धाडलं होतं ना?"

"मला कुणी धाडलं नाही, सिदोजीबाबा. दिंडीला तर कालपासून कुलूप आहे." मग त्याने मान खाली घातली. "मला एवढंच बजावलं होतं, की दोन दिवस तुमच्या नजरेला पडायचं नाही."

सिदोजी आल्या पावली वळला. बुरुजावर येऊन त्याने साळुंकीवरचे कातडे ओढून काढले. तोफेच्या कानात, जिथे बत्ती द्यायची त्या भोकात, लोखंडी खिळा ठोकलेला होता. खिळ्याचे डोके नवे, चकचकीत होते.

तो क्षणभर तोफेवर हात टेकून उभा राहिला. शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून तोफेला खिळा मारतात, हे त्याला ठाऊक होते. हा खिळा त्याच्यासाठी मारला होता.

खिळा काढायला दीड प्रहर लागला असता. तेवढा वेळ नदी देणार नव्हती. उरला होता एकच मार्ग, आणि त्या मार्गाने जाऊन धडधाकट परतलेला गोलंदाज त्याने पाहिला नव्हता: तोफेच्या तोंडातूनच बत्ती द्यायची. त्याने दारूची थैली ठासली, दारूत लोळवलेली सुताची वात तिच्यात खोवून बाहेर काढली आणि तोफ मागे ओढून तिच्या तोंडासमोर, तटाच्या कडेला उभा राहिला. मागे दोनशे हात खोल कडा होता. दमट वात दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्याने ती तळहाताच्या आडोशाने, अगदी तोंडाशी पेटवली आणि बाजूला अंग टाकले.

साळुंकी किंचाळली. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, एका डोळ्यापुढे अंधारी आली. पण त्या धक्क्याने कानातला खिळाही उडून तटाबाहेर गेला होता.

खाली वाड्यांतून हाकाटी उठली. डाव्या हाताने त्याने दुसरी थैली ठासली, तोवर जसवंतराव चार शिपायांसह बुरुजावर पोचले.

"सिदोजी, बत्ती खाली ठेवा. चार महिन्यांचा वेढा आज चार घटकांत वाहून जाणार आहे, आमचा एक शिपाई न पडता."

"खाली पाच वाड्या आहेत, सरकार."

"आम्हांला ठाऊक आहे."

"बेलभंडार आपण उचलला होतात."

"गड राहिला तर वाड्या पुन्हा वसवता येतील!"

"आणि माणसं?"

किल्लेदारांनी शिपायांकडे पाहून मान हलवली. त्या चौघांपैकी दोघे बेटवाडीचे होते. ते एवढेच थबकले, जेवढे थबकायला हवे होते. सिदोजीने बत्ती दिली.

पाच वाड्यांतली सारी माणसे आणि बहुतेक गुरे डोंगरावर चढली. पण वेळ हातचा गेला होता. कणग्या खालीच राहिल्या आणि पूर टेकाडावरून गेला. वाडीकऱ्यांना पळताना पाहून फौजही त्यांच्यामागोमाग डोंगराला लागली. तंबू, तोफा, दाणागोटा वाहून गेला, माणसे वाचली. आठ दिवसांनी वेढा उठला.

जसवंतरावांना हुजुरातून मानाची वस्त्रे आली. सिदोजीची चौकशी झाली. तोफ डागून गनिमाला सावध केले, असा आरोप होता. हुजुरातून आलेल्या कारकुनांपुढे त्याने सारी हकिकत सांगितली. पण खिळा कड्याखाली गेला होता, लुमाजी कुठल्याशा कामगिरीवर पाठवला गेला होता. साक्षीला बेटवाडीचा खेत्रोजी पाटील आला. टेकाडासाठी मातीची पहिली पाटी सिदोजीबरोबर यानेच उचलली होती.

"पाटील, तोफेचा आणि तुमचा काही संकेत ठरला होता?"

खेत्रोजी जमिनीकडे पाहत म्हणाला, "नाही जी. पाणी आम्हीच पाहिलं. आम्ही आमचे पळालो."

सिदोजी त्याच्याकडे पाहतच राहिला. जळलेल्या हातापेक्षा हे सोसणे जड होते. मुलखाबाहेर काढण्याची शिक्षा झाली.

अश्विनात शिपाई त्याला सीमेच्या ओढ्यापर्यंत घेऊन गेले. तिथे बाभळीखाली खेत्रोजी उभा होता. तो पुढे येऊन पायांवर वाकू लागला, तसा सिदोजी मागे सरला.

"गडाच्या अंबारात शाळूचं बी होतं, सिदोजी. किल्लेदार म्हणाले, साक्ष आम्हांला हवी तशी दे, पाची वाड्यांना पेरणीपुरतं देतो. नाहीतर एक दाणा नाही. कणग्या सगळ्या गेल्या होत्या. पोरंबाळं… मी काय करायचं होतं?"

सिदोजीने ओढ्यापलीकडे पाहिले. तिकडच्या मुलखात त्याला ओळखणारे कुणी नव्हते.

"मला विचारायचं होतंस," तो अखेर म्हणाला. "मी स्वतः सांगितलं असतं, दे साक्ष. पण विचारायचं होतंस."

खेत्रोजीच्या डोळ्यांना धार लागली.

"बी मिळालं?"

"मिळालं."

"पेरलंत?"

"निम्मं राहिलंय."

"मग इथं काय उभा आहेस? ओल उडेल. जा."

खेत्रोजीने हात जोडले. पण ते पाहायला सिदोजी थांबला नव्हता; जळका हात छातीशी धरून तो ओढ्याच्या पाण्यात उतरला होता.