गावच्या यादीतलं नाव

बजाजनगरच्या चौकात त्या संध्याकाळी वारा सुटला आणि मृण्मयीच्या टेबलावरचे सह्यांचे कागद उडायला लागले. ती दोन्ही हातांनी ते दाबून धरत होती, तेवढ्यात कुणीतरी आपला जेवणाचा डबा त्यांवर ठेवला.

"भाजी उरलीय त्यात. वजन पुरंल," तो म्हणाला.

तो विश्वजित. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर, गाव पैठणजवळ. आणि ही उस्मानपुऱ्याची, नुकतीच वकील झालेली. कामासाठी गाव सोडलेल्यांना आहे तिथूनच आपल्या गावासाठी मत देता यावं, असा कायदा व्हावा म्हणून सह्या गोळा करत होती. त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

"काल केलीत ना सही?"

"व्हय. पण... नीट आली नव्हती."

मृण्मयीला हसू आवरेना. मग रोजच शिफ्ट सुटली की स्वारी टेबलापाशी हजर. लोकांना समजावून ती थकली, की न मागता चहा पुढे यायचा — आणि नजरेला नजर मिळाली की कप तसाच निवून जायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

चूक तिने केली ती अशाच लाडात. "कायदा होईल तेव्हा होईल," ती म्हणाली, "तोवर तुझं नाव इकडच्या मतदार यादीत घेऊ. फॉर्म मी भरते."

"गावचंच राहू दे की... ताई..."

"राहतोस इथं आणि नाव तिथं? म्हणजे तुझं मन काही इथं रमत नाही म्हणायचं."

त्याने फॉर्म पुढ्यात ओढला आणि सही करून टाकली. ताईचं काय, हे तिने विचारलंच नाही. जगाचे हक्क मागत फिरणाऱ्या या मुलीने त्याला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. त्या वागण्याची तिला आजही लाज वाटते.

हिवाळ्यात गावात निवडणूक झाली. त्याची मोठी बहीण करुणा सरपंचपदाला उभी होती. विश्वजितचं नाव गावच्या यादीतून गेलेलं, त्याला मत देता आलं नाही. दोन्ही उमेदवारांना सारखीच मतं पडली, चिठ्ठी काढावी लागली, आणि ती दुसरीच्या नावाची निघाली.

आठ दिवसांनी तो बसस्थानकावर तिला भेटला. हातात बॅग होती.

"नोकरी सोडली. ताई बोलत नाय माझ्याशी. पण आता तिच्याजवळच राहायला पाहिजे."

"ताई उभी राहतेय, हे मला सांगायचं तरी होतंस, विश्वजित."

"सांगितलं असतं तर तू फॉर्म फाडला असता. आन् मला तर... तुझ्याच गावचं व्हायचं होतं."

तिने त्याच्या बॅगेचा पट्टा धरला. "मला तू आवडतोस. फार."

"ठाऊक हाय. मलाबी तू. पण त्या घरात तुला आता कोणत्या तोंडानं नेऊ?"

पैठणची एसटी लागली. दारात पाय ठेवून तो वळला, तिच्याकडे बघत थांबला. थांब म्हणावं असं तिला फार वाटलं. पण त्याने कुठलं व्हायचं, हे तिने त्याला एकदा सांगून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला तिची जीभ रेटली नाही, आणि तो आत जाऊन बसला.